हरणीचा डावा डोळा

सोमवार, ९ ऑगस्ट १९४३. तेर.

पॉलिसी आली! श्रावणी सोमवारी आली, म्हणजे शंकराच्याच सहीनं आली म्हणायला हरकत नाही.

कचेरीत निजामाची फसली तारीख चालते, घरात तिथी चालते. पण या वहीत आजपासून इंग्रजी तारीख घालायची, कारण पॉलिसीवर ती आहे. साऱ्या तेर गावात घोड्याचा विमा उतरवणारा मी पहिला. गोरोबा तर म्हणतो की उभ्या जिल्ह्यात पहिला. गोरोबा म्हणजे माझा शाळासोबती. बार्शीला इंग्रजी हद्दीत एका विमा-एजंटाच्या हाताखाली लागलाय आणि तेव्हापासून कोट घालतो.

वडिलांमागं भुसाराचं दुकान थोरले बंधू सांभाळतात. मला तिथं बसून डाळीतले खडे बघायचा मनापासून कंटाळा. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मोटार बंद पडली, रेल्वेतून उतरलेली माणसं बोचकी डोक्यावर घेऊन स्टेशनापासून गावात पायी येऊ लागली, आणि माझ्या डोक्यात टांगा शिरला. घोडी घरात होतीच. हरणी. मुरूमच्या सासऱ्यांनी, माणिकप्पांनी, गेल्या साली लग्नात मल्लम्माबरोबर पाठवलेली. कुमैत रंग, अंग तांबडं नि आयाळ काळी, मान अशी की बघणाऱ्यानं आपली ताठ करावी. सहा महिन्यांत टांग्याचा जम बसला. लोक मला विरुपाक्ष म्हणेनात, टांगेवाले आप्पा म्हणतात. मॅट्रिक झाल्याचं सार्थक झालं!

पॉलिसीत लिहिलंय की घोडी मेली किंवा कायमची निकामी झाली तर कंपनी भरपाई देईल. मल्लम्माला मोठ्यानं वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "डोळ्याचं काय लिवलंय त्यात?"

"दोन्ही डोळे तेजस्वी, असं मीच लिहून दिलंय," मी म्हणालो.

 तिच्या तव्यावरची भाकरी करपली.

मंगळवार, १२ ऑक्टोबर.

हरणी हल्ली डाव्या अंगाला काही आलं की दचकते. काल एका शेळीला बिचकून थांबली. फार लाडावली आहे. मल्लम्मा रोज तिच्याशी कानडीत गप्पा मारते, त्याचा परिणाम.

बुधवार, १७ नोव्हेंबर.

आज टांगा उलटला! मी जिवंत आहे, हात शाबूत आहे, म्हणून लिहितो.

स्टेशनाहून येताना डाव्या बाजूच्या पाणंदीतून कडब्याची गाडी आली. दिवसाढवळ्या एवढा मोठा ढीग, पण हरणीला दिसलाच नाही. बैलाचं शिंग तिला घासलं तेव्हा ती उसळली आणि आम्ही सगळे बाभळीत. टांग्यात कडूबाई कासारीण होती. तिच्या हाऱ्यातल्या बांगड्यांचा चुरा झाला आणि तिच्या तोंडून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. "घोडीला दिसत न्हाय का तुला दिसत न्हाय रं?" असं तिनं सगळ्या रस्त्याला ऐकवलं.

हरणीच्या डाव्या डोळ्याला फांदी लागली असावी. पाणी गळतंय.

शनिवार, २० नोव्हेंबर.

डोळ्यात फूल पडलं. पांढरं, हरभऱ्याएवढं. डाव्या बाजूनं हात नेला तर पापणी हलत नाही. फार वाईट वाटलं. गळ्यात हात टाकून उभा राहिलो बराच वेळ.

आणि दुपारी गोरोबा आला नि सगळं चित्रच पालटलं! "अरे वेड्या, रडतो कशाला?" म्हणाला. "एका डोळ्याची घोडी टांग्याला निकामी. क्लेम कर, क्लेम!" त्यानं कोटातून फॉर्म काढला. चार पानी, गुळगुळीत कागद, छापील प्रश्न, आणि प्रत्येकापुढं उत्तराला रेघ. असा सुंदर कागद मी जन्मात पाहिला नव्हता.

मला फॉर्म भरायला आवडतं. लाज कशाची? कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारतंय आणि उत्तर येईपर्यंत जागा मोकळी सोडून थांबलंय, ही काय साधी गोष्ट आहे?

अकरावा प्रश्न तर मुकुटमणी. "या जनावरास पूर्वी झालेले आजार, इजा व केलेले उपचार यांचा संपूर्ण तपशील द्यावा. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी." पुरवणी!

गोरोबा म्हणाला, "तिथं 'काही नाही' लिव अन् मोकळा हो. टांगा उलटला, फांदी लागली, डोळा गेला. बास."

मी म्हणालो, "ते संपूर्ण तपशील म्हणतायत."

"ते म्हणतातच तसं."

मागच्या पानावर अटी आहेत. नवव्या कलमात आहे की भरपाई मंजूर झाल्यावर जनावर कंपनीच्या माणसाच्या स्वाधीन करावं. म्हणजे हरणीची सोयही लागली. कंपनीची मोठी पागा असणार, आयता चारा, काम नाही. गोरोबाला विचारलं, पागा कुठं आहे? तो म्हणाला, "कंपनीनं काय करायचं ते कंपनी बघंल," आणि पाणी मागितलं. मल्लम्मानं पाणी आणून दिलं आणि रिकामा तांब्या हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

भरपाईतून बार्शीच्या बाजारातला काठेवाडी घोडा घेणार. पांढरा. मी त्याचं नाव आत्ताच ठरवलंय, पण नजर लागू नये म्हणून लिहीत नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर.

दोन दिवस गावभर हिंडून हरणीचा इतिहास गोळा केला. नऊ पानं झाली!

पाडव्याच्या सुमारास पोट फुगलं होतं, हिंग-गूळ दिला. उजव्या पुढच्या खुरात काटा, बिरू धनगरानं काढला. बिरूला तारीख विचारली तर म्हणाला, "तारीख कशाची? मेंढरं कातरली त्याच्या दुसऱ्या दिशी." तेही लिहिलं. दोनदा दृष्ट काढली, मिरच्या-मीठ उतरून. तो उपचार की नाही यावर घोळ झाला, शेवटी उपचार धरला. अंगावरचे केसांचे भोवरेही लिहिले, गळ्याखाली देवमण आहे, शुभ. वाईट भोवरा एकही नाही. घोड्याच्या बाबतीत आपल्याकडं आजारापेक्षा भोवरा मोठा, हे कंपनीला कळायला हवं म्हणून त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला.

पानं मल्लम्माला वाचून दाखवली. सगळं ऐकून म्हणाली, "डाव्या डोळ्याखाली बिनकेसाचा डाग हाय, त्यो?"

"लिहिला की. 'जन्मखूण, लांबी अर्धा बोट.'"

ती हरणीला पाणी दाखवायला गेली. आत्ताच तासाभरापूर्वी दाखवलं होतं.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर.

आज धाराशिवला जाऊन आलो. सरकारी सलोत्र्याचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा, दाखला क्लेमला लागतो. मल्लम्मा म्हणाली, मीही येते. लग्न झाल्यापासून तिनं कधी असा हट्ट धरला नव्हता. धाराशिवची बाजारपेठ बघायची असेल. बंधूंची बैलगाडी घेतली, हरणी मागं बांधली.

डॉक्टर खैरातअली साहेब याच साली बदलून आलेत. दाढी मेंदीची, हात हलका. डोळा बघून म्हणाले, "आँख तो गई, मियाँ. मगर ये निशान पुराना है." मी म्हणालो, जन्मापासूनचा आहे साहेब, पुराना तर असणारच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मल्लम्माकडं बघितलं. दाखला मात्र झकास लिहिला, उर्दूत, खाली मोहोर.

मोहोरेची शाई वाळेपर्यंत मी बाहेर उभा होतो. खिडकीतून दिसलं, मल्लम्मा त्यांना काहीतरी विचारत होती. एवढी बुजरी बाई, परक्या माणसाशी बोलत होती! साहेबांनी फॉर्मच्या मागच्या पानावर बोट ठेवलं, नंतर दोन बोटं स्वतःच्या कपाळाला लावून तिला काही समजावलं. डोकेदुखीवर औषध विचारलं असावं. उन्हाचा प्रवास तिला सोसत नाही.

बाहेर आली तर डोळे लाल. धाराशिवच्या रस्त्यांना धूळ फार.

परतताना ती गाडीत बसलीच नाही. हरणीच्या डाव्या गालाला हात लावून चालत राहिली, एवढ्या लांबवर. "पाय दुखतील," मी दोनदा म्हणालो. मग काठेवाडीच्या खोगिराचा विचार करता करता मला डुलकी लागली.

शनिवार, २७ नोव्हेंबर.

काय लिहू? पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी पूजा आटोपून इष्टलिंग गळ्यात घातलं, तर मल्लम्मा समोर येऊन बसली. म्हणाली, "ती जन्मखूण न्हाय. डागणी हाय."

हरणीला डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. आसूढाळ! असं घोडं ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडणं, असं सगळे मानतात. माणिकप्पांनी तिला लागोपाठ दोन वर्षं माळेगावच्या यात्रेत उभी केली. माणसं मान बघायची, चाल बघायची, मग तोंडाजवळ यायची आणि निघून जायची. शेवटी त्यांनी लोखंड तापवून भोवरा जाळला. दावं मल्लम्माच्या हातात होतं. घोडीनं मान झटकली आणि लोखंड डोळ्यापर्यंत गेलं.

"म्हैनाभर डोळा बंद होता," मल्लम्मा म्हणाली. "माझ्या आप्पांनी धाराशिवच्या दवाखान्यात ठिवली होती. तिथल्या वहीत समदं हाय. तवापासनं त्या डोळ्यानं तिला कमीच दिसतंय. बाभळीनं न्हाय गेला डोळा."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"म्या दोनदा विचारलं, डोळ्याचं काय लिवलं म्हणून. तुमी वाचून दाखवत हुतात, ऐकत न्हवता."

मी रागानं दुकानात जाऊन बसलो आणि दिवसभर डाळ निवडली. बंधूंना वाटलं मला उपरती झाली.

खरं सांगतो, या वहीशी खोटं कशाला? पहिला विचार आला तो हाच, की गप्प बसावं. कुणाला कळणार? लिहिलं तर क्लेम बुडाला, काठेवाडी गेला, टांगा बसला, मी पुन्हा डाळीत. आणि सासऱ्यांची अब्रू कागदावर चढली ती वेगळीच. गोरोबाकडून तर निरोपच आला, "शहाणा असशील तर जन्मखूणच राहू दे."

संध्याकाळी मल्लम्माला म्हटलं, "न लिहिलं तर?"

"लिवा," ती म्हणाली. "समदं लिवा. आप्पांच्या नावानिशी लिवा."

वडिलांचं नाव घेताना तिचा आवाज जराही हलला नाही. अशी सत्यवादी बायको मिळायला भाग्य लागतं. मला माझीच लाज वाटली.

गुरुवार, २ डिसेंबर.

धाराशिवला एकटा जाऊन आलो. डॉक्टरसाहेबांनी जुनी वही काढली. बांधणी सुटलेली, पण नोंद ठणठणीत! मालक माणिकप्पा, मौजे मुरूम, घोडी कुमैत, डाव्या डोळ्यास भाजल्याची इजा, सत्तावीस दिवस औषध. त्यांनी वाचली, मी उतरून घेतली. जुना कागद सापडल्यावर अंगावर जो काटा येतो तो कुणाला सांगून कळायचा नाही. घटकाभर क्लेम बुडणार हेही मी विसरलो.

निघताना साहेब म्हणाले, "लिख दो, मियाँ. तुम्हारी बीवी बडी समझदार है."

रविवार, ५ डिसेंबर.

माणिकप्पा आले. मीच निरोप पाठवला होता. ज्याचं नाव लिहायचं त्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. कपाळभर विभूती, हातात काठी. पानं ऐकत गेले तसा चेहरा उतरत गेला.

"जावईबापू, हे कंपनीला गेलं म्हंजे बार्शीला गेलं, अन् बार्शीला गेलं म्हंजे मुरूमच्या पेठेत आलं. माणिकप्पानं खोड जाळून घोडी जावयाच्या गळ्यात मारली म्हणतील. मी दुकानात बसू कसा?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"आसूढाळ सांगितला असता तर घोडी न्हाय, पोरगीच परत पाठवली असती तुमच्या लोकांनी." मग हळूच म्हणाले, "तिचा घोडीवर लई जीव. दोघींना तोडवंना मला."

 तेवढ्यात मल्लम्मानं त्यांना गोठ्यात बोलावलं. दोघं कानडीत बोलत होते. मला कानडी जेमतेम कळतं, आणि ती भराभर बोलत होती. एकदा वाटलं, सासऱ्यांच्या तोंडून "बंदूक" असा शब्द आला, पण बंदुकीचा इथं काय संबंध?

सासरे बाहेर आले ते डोळे पुसतच. म्हणाले, "आणा, कुठं सही करू?" आणि जबानीखाली कानडीत ठळक सही केली. माणसाचं मन जागं व्हायला वेळ लागत नाही, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं.

पुरवणी सतरा पानांची झाली. "जन्मखूण" खोडून मी वर लिहिलं, "डागणी. चूक माझी, मी विचारलं नाही." बाभळीची फांदीही खोडली.

मंगळवार, ७ डिसेंबर.

पाकीट रजिस्टर केलं. पोस्टमास्तर म्हणाले, "यात काय, सारा पुराण-ग्रंथ आहे का?"

आता उलटंच वाटायला लागलंय. इतका खरेपणा पाहून कंपनी खूष होणार नाही कशावरून? जो माणूस दृष्ट काढल्याचीसुद्धा तारीख देतो त्याला नाही म्हणायला छाती लागेल. मल्लम्माला म्हटलं, बघ, मंजूर होईल. ती एकदम घाबरी झाली. "असं बोलू नका," म्हणाली. आशा लावून घ्यायची नाही असा तिचा स्वभाव.

बुधवार, २९ डिसेंबर.

पत्र आलं.

दारातच फोडलं. मल्लम्मा खांबाला धरून उभी. इंग्रजीतलं मराठी करत मी मोठ्यानं वाचू लागलो. "आपली पुरवणी आम्ही लक्षपूर्वक वाचली." वाचली! सतराच्या सतरा पानं, मुंबईत बसून कुणीतरी वाचली! "इजा विमा उतरवण्यापूर्वीची असल्याचं आपण स्वतःच दाखवून दिल्यामुळं भरपाई देता येत नाही. आपला प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे." इथवर मी हसत होतो की रडत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. पुढं एक ओळ होती.

"सबब कलम नऊप्रमाणे जनावरास गोळी घालण्यासाठी दिनांक ६ जानेवारीस निघणारा आमचा माणूस आता येणार नाही."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मनात. मग मागं वळून पाहिलं, तर मल्लम्मा खांबापाशी नव्हती. गोठ्यात हरणीच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडत होती, आणि हरणी तिच्या पदराला बांधलेला गूळ शोधत होती.

"तुला ठाऊक होतं?"

तिनं मान डोलावली. "डागदरसायबानं सांगितलं. कंपनीनं पैसं दिलं की घोडी ठिवत न्हाईत म्हणून."

दोन बोटं. कपाळाला. डोकेदुखी! मी ही वही पहिल्यापासून वाचून काढली. सगळं मीच माझ्या हातानं लिहिलंय, आणि मला एक अक्षर कळलेलं नाही. कंपनीची पागा म्हणे! आयता चारा म्हणे! काठेवाडीला नाव ठेवलं होतं मी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा काठेवाडी मोडला असता, तेबी माझ्या तोंडानं," ती म्हणाली. "अन् तुमी ऐकलं नसतं तर? मग मला तुमचं तोंड बघवलं नसतं. कागुद मात्र तुमी ऐकता."

मी तिथंच कडब्यावर बसलो. काठेवाडी गेल्याचं मला कणभरही दुःख झालं नाही, आणि हे मी कुठल्याही रेघेवर सही करून द्यायला तयार आहे. हरणीनं उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्याला सगळं दिसतं.

सोमवार, ३ जानेवारी १९४४.

आज टांगा जुंपला!

चार दिवस मी विनवलं, चुचकारलं, पण डावीकडं आवाज झाला की हरणी उभी राहायची. मल्लम्मा बाजूनं चालली की मात्र सरळ जायची. काल संध्याकाळी मल्लम्मा म्हणाली, "म्या बसू का म्होरं?"

बाईमाणूस, टांग्यावर, पुढं, भर गावातून! बंधू म्हणाले, आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही. मी म्हणालो, आपल्या घराण्यात घोड्याचा विमाही कधी झाला नव्हता. ते दुकानात गेले.

निघालो. मी उजवीकडं, लगाम हातात. ती डावीकडं, पदर डोक्यावर घट्ट. पारावरची माणसं बिडी ओढायची विसरली. पाणंदीच्या तोंडाशी तीच कडब्याची गाडी डाव्या बाजूनं आली. मी लगाम आवळून धरला. मल्लम्मा पुढं वाकून म्हणाली, "हेदरब्याड, तायी, हेदरब्याड." भिऊ नको म्हणून. हरणीचा कान वळला आणि गाडी बाजूनं निघून गेली. एक ठेच नाही!

स्टेशनावर कडूबाई नव्या बांगड्यांचा हारा घेऊन उभी. आम्हाला बघून दोन पावलं मागं सरली. मग मल्लम्माला नीट न्याहाळून म्हणाली, "तू बसलीयास व्हय म्होरं? मग बसती म्या." आणि बसली!

परतीच्या वाटेवर मल्लम्मा सांगत होती, डावीकडं नाला आलाय, डावीकडं शेळ्या आल्यात, डावीकडं कडूबाईचा हारा सुटतोय. कानडीत एकदा, मराठीत एकदा. मी म्हणालो, हरणीला मराठी कळत नाही.

"तिला कानडीत सांगती," ती म्हणाली. "मराठी तुमच्यासाठी हाय."

उद्या सकाळच्या गाडीला चार माणसं ठरली आहेत.